मालकांचा नेम

आमच्या घरमालकांनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू कधी ठेवली नाही. त्यांनी सगळ्या वस्तू फेकल्या, आणि प्रत्येक वस्तू जिथं पडायला हवी नेमकी तिथंच पडली. मी बार्शीहून बदली होऊन सोलापुरात आलो आणि पूर्व भागात त्यांच्या माडीवर बिऱ्हाड केलं, तेव्हा पहिल्याच दिवशी जिन्यात ट्रंक घेऊन उभा राहून मी विचारलं, "मालक, किल्ली?" मालक अंगणात मशेरी लावत होते, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. त्यांनी कमरेची किल्ली काढली, हात कानापर्यंत नेला आणि सोडली. किल्ली माझ्या डोक्यावरून गेली आणि माडीच्या दाराच्या कडीत लटकली. किल्लीला दोऱ्याचा फास होता हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच वाटलं, की माणूस तापट दिसतोय, बायकोला सांगितलं पाहिजे.

पण माणूस तापट नव्हता, फक्त त्याला चालायचा कंटाळा होता. टॉवेल खुंटीवर फेकायचा, साबण डबीत फेकायचा, चपला अशा भिरकवायच्या की कोपऱ्यात जोडीनं जाऊन बसायच्या. आमटीत मीठ कमी पडलं तर पाटावर बसल्या बसल्या चिमूट अशी सोडत, की चुलीवरच्या पातेल्याबाहेर एक कण जात नसे. एकदा आमच्या हिनं खालून लिंबू मागितलं, तर ते गॅलरीतून आत येऊन सरळ परडीत पडलं. ही दोन दिवस गॅलरीचं दार लावून बसली होती. दसऱ्याला देवांच्या तसबिरींना झेंडूचे हार घालायचे, तर तेही मालक खोलीच्या या टोकाला उभं राहून घालत. अक्का, म्हणजे मालकांची बायको (सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, म्हणून मीही), कपाळाला हात लावून म्हणायच्या, "अय्यो, देवाला तरी हातानं घाला की ओ!" त्यावर मालक म्हणत, "हार वाकडा बसला का सांग. मग बोल." हार कधीच वाकडा बसला नाही. अक्का तरी दर वर्षी तेच म्हणायच्या.

ही कला कुठून आली ते विचारलं, तर मालक यंत्रमागाचं नाव घेत. जन्म टॉवेलच्या कारखान्यात गेला होता. चालत्या मागावर तुटलेला धागा पकडून गाठ मारायला त्यांना डोळे लागत नसत. पण त्यांच्या नेमाची खरी परीक्षा व्हायची ती जानेवारीत, सिद्धेश्वराच्या जत्रेत. तिला आमच्याकडं गड्डा म्हणतात. तिथं फुगेवाल्याचा एक स्टॉल असायचा. फळीवर फुगे टाचलेले, तुम्ही हातानं छोटे टोकदार बाण मारायचे, सहा बाणांत सहा फुगे फोडले तर मांडलेल्यातली हवी ती वस्तू तुमची. मालकांना लांबून येताना बघितलं की फुगेवाला दोन्ही हात जोडायचा. "मामा, चहा घ्या, भजी घ्या, पण बाण घेऊ नका!" मालक चहाही घ्यायचे आणि बाणही घ्यायचे. वस्तू कोणती घ्यायची ते मात्र अक्कांनी ठरवायचं, हा त्यांचा लग्नापासूनचा रिवाज. अक्का पदर सावरून सगळा स्टॉल न्याहाळायच्या, बोट दाखवायच्या, आणि मालक ते बोट जिथं थांबलं तिथली वस्तू घरी आणायचे. त्यांच्या घरात चौदा स्टीलचे डबे होते आणि चार घड्याळं होती. घड्याळांतलं एकही चालत नव्हतं. मी एकदा तसं म्हणालो, तर मालक म्हणाले, "साहेब, ही घड्याळं वेळ बघायला न्हाईत, नेम बघायला हाईत."

एवढा नेम बघून मला खुमखुमी आली. आमच्या ऑफिसच्या करमणूक खोलीत डार्टचा एक बोर्ड धूळ खात पडला होता. साहेबांना विचारून मी तो घरी आणला, बाणांसकट. मालकांनी तो उलटसुलट करून पाहिला. "ह्याच्यावर आकडे कशाला घातल्यात? ह्याला भिंतीवर टांगायचं का शाळेत घालायचं?" पण टांगला. त्या दिवसापासून मालकांच्या घरातली सकाळ ठरून गेली, निदान मला तसं वाटलं. अक्का विड्या वळायच्या. रात्री भिजवलेली पानं सकाळी कापायची, म्हणून त्या उजेडाला बाहेरच्या दाराच्या उंबऱ्यावर बसत. तोंड रस्त्याकडं, पाठ घराकडं, मांडीवर सूप. कात्री चालू व्हायची, कच्, कच्. आणि आत भिंतीसमोर उभे राहून मालक बाण मारायचे, टक्, टक्. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून बूट घालायचो. लग्नाला तीस वर्षं झालेलं ते जोडपं एकमेकांकडं न बघता आणि एक शब्द न बोलता अर्धा-पाऊण तास असं बसायचं. मूलबाळ नव्हतं. मला तर वाटायचं, यांचं पटत नसावं.

आता ज्या गड्ड्याची गोष्ट सांगायची त्यात मीही होतो, आणि मी हसलो होतो, हे आधी कबूल करून टाकतो. त्या वर्षी अक्कांचं बोट डब्यांवरून पुढं गेलं आणि एका आरशावर थांबलं. तपकिरी चौकटीचा, ताटाएवढा आरसा. मालक म्हणाले, "आरसा? ह्या वयात आरसा कशाला गं? कुणाला दावायचंय?" फुगेवाला हसला, आजूबाजूचे हसले, मी हसलो. अक्का मात्र हसल्या नाहीत. "ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या, "त्यो डबा घ्या." मालकांनी सहा बाणांत पंधरावा डबा आणला. घरी परत येईपर्यंत अक्का बोलल्या नाहीत. फाटकाशी आल्यावर मालकांनाच चुटपुट लागली असावी. म्हणाले, "बरं बाई, पुढच्या साली आरसा. झालं?" अक्का म्हणाल्या, "हं."

श्रावणात अक्कांना ताप आला. तीन दिवस होता. चौथ्या दिवशी त्या गेल्या. इतकंच झालं, आणि एवढं थोडक्यात झालं की मला अजूनही त्याचा राग येतो.

दहाव्यानंतर भिंतीवर अक्कांचा फोटो लागला. मालक हार घेऊन खोलीच्या या टोकाला उभे राहिले, दसऱ्याला राहत तसे. हात वर नेला. हात वरच राहिला. हार मुठीत, मूठ कानाशी, आणि मालक फोटोकडं बघताहेत. मग ते चालत गेले आणि त्यांनी हार हातानं घातला. मला वाटलं, दुःखानं माणूस शहाणा झाला. मी कसला गाढव! दुसऱ्या दिवशी मी किल्ली मागितली तर मालक जिना चढून आले आणि माझ्या हातात किल्ली ठेवली. टॉवेल खुंटीपर्यंत जाऊन टांगायला लागले, चपला वाकून जुळवायला लागले. त्या घरात वस्तू ठेवल्या जाऊ लागल्या, आणि आमची ही म्हणाली, "अहो, मालकांना काहीतरी झालंय."

झालं होतं ते असं. मालक बोर्डासमोर उभे राहत, बाण धरत, हात मागं नेत, आणि बोटं उघडत नसत. हात पुढं यायचा तो बाणासकट. दहा वेळा, वीस वेळा. कपाळावर घाम, दात आवळलेले. एकदा त्यांनी डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं सोडवली तेव्हा मी तोंड फिरवून जिन्यावर गेलो. रात्री जेवायला बोलावलं तर म्हणाले, "साहेब, गड्डा आला की. पाच म्हैनं ऱ्हायलंत. आरसा म्हणलंय मी तिला."

मग उपाय सुरू झाले. आमच्या हिनं मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली, मिरच्या अशा ठसकल्या की गल्ली खोकत होती. कारखान्यातल्या कुणीतरी कसलंसं तेल दिलं. ते चोळून हात इतका बुळबुळीत झाला की आता तरी बाण सुटेल असं वाटलं, पण तेव्हाही सुटला नाही. मी त्यांना हाताच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी बोटं वाकवली, कोपरावर ठोकलं, मूठ आवळायला लावली आणि म्हणाले, "हात ठणठणीत आहे. काही टेन्शन वगैरे आहे का?" मालक म्हणाले, "टेन्शन न्हाय. बायको वारली." डॉक्टरांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या. शेवटी मी मोबाइलवर शोधत बसलो आणि मला सापडलं, की परदेशात डार्ट खेळणाऱ्या भल्याभल्यांना हे होतं. हात वर जातो आणि बोटं बाण सोडत नाहीत. कुणाकुणाचा खेळ त्यापायी सुटला. मोठ्या हौसेनं मी मालकांना ते व्हिडिओ दाखवले.

"गोऱ्यांना बी होतंय की?"

"होतं तर! मोठमोठ्या खेळाडूंना."

मालक बराच वेळ त्या गोऱ्या माणसाच्या अडकलेल्या हाताकडं बघत राहिले. मग म्हणाले, "ह्याची बी बायको वारली का?"

मी मोबाइल बंद केला.

दिवाळी त्या घरात आलीच नाही. मालक रोज सकाळी बोर्डासमोर उभे राहत आणि रोज बाण तसेच खाली ठेवत. त्यांच्या उंबऱ्यावर कुणी बसत नव्हतं, आणि मी बूट घालून चटकन निघून जायचो.

डिसेंबरात समोरच्या नरसम्माच्या घरी फरशी बसवायला घेतली. नरसम्मा ही अक्कांची विड्यांतली जोडीदारीण. दोघी मिळून विड्या कारखान्यात द्यायला जायच्या. घरात बसायला जागा उरली नाही, म्हणून ती सूप घेऊन मालकांच्या उंबऱ्यावर येऊन बसली. मालकांना विचारलंसुद्धा नाही. मी पायरीवर बूट घालत होतो. तिनं पान कापलं, कच्. आणि आत आवाज झाला, टक्.

माझ्या हातातली नाडी हातातच राहिली. मी डोकावलो. बाण बोर्डाच्या मधोमध रुतला होता, आणि मालक स्वतःच्या तळव्याकडं बघत होते. कच्. त्यांनी दुसरा बाण उचलला होता, तो गेला. टक्. एवढ्यात मी असा टक लावून बघतोय हे नरसम्मानं पाहिलं आणि ती थांबली. "काय झालं ओ?" मालकांचा हात वर गेला आणि वरच राहिला.

"काप की!" मी ओरडलो.

"काय कापू?"

"पान काप, बाई! पान!"

तिनं घाबरून पान कापलं, आणि तिसरा बाण सुटला.

आम्हाला कुणालाच कधी ऐकू आलं नव्हतं. कात्री आधी, बाण मग, तीस वर्षं हेच चाललं होतं. बोर्डाच्या आधी मालक आतल्या दारावर खडूचा गोल काढून मारायचे, तेव्हाही अक्का उंबऱ्यावर पानं कापत होत्या. गड्ड्यात कात्री नसायची, पण तिथं अक्का स्वतःच शेजारी असायच्या. बोर्ड मी आणला, त्याची शेखी गल्लीभर मिरवली, पण पायरीवर बसून इतकी वर्षं कान माझे काय करत होते कोण जाणे. मालक बाण टाकून खाली बसले. मला वाटलं आनंद होईल. ते ढसाढसा रडले. अक्का गेल्या तेव्हाही एवढे रडले नव्हते. "साहेब," म्हणाले, "तीस वर्सं मी माझा हात माझा हात म्हणत होतो. तिची कात्री होती की ओ."

नरसम्माला सगळं कळल्यावर ती म्हणाली, त्यात काय, मी येते की गड्ड्याला. आणि आली. पिशवीत भिजवलेली पानं, आणि मालकांच्या आग्रहावरून अक्कांची स्वतःची कात्री, जिच्या एका कडीला अंगठा सोलवटू नये म्हणून चिंधी गुंडाळलेली होती. मी, आमची ही आणि नरसम्मा, अशी आमची वरात फुगेवाल्यासमोर उभी राहिली. त्यानं मालकांना बघून यंदा हात जोडले नाहीत. त्याला कुणीतरी अक्कांचं सांगितलं असावं. मी आरसा शोधला. मागच्या वर्षीचा तो नव्हता, पण तसाच होता, तपकिरी चौकटीचा. मालकांनी बाण घेतला, नरसम्मानं पान कापलं. पण गड्डाच तो! एका बाजूला पाळण्याची करकर, दुसऱ्या बाजूला 'मौत का कुआँ'त गोल फिरणाऱ्या मोटारसायकली, वर कर्णे. शेजारी उभ्या असलेल्या मला कात्री ऐकू आली नाही, तर मालकांना काय येणार. हात कानाशी गेला आणि थांबला. नरसम्मा जीव खाऊन पानं कापत होती, पानांचे तुकडे आमच्या पायांशी पडत होते. मागं गर्दी जमली. कुणीतरी म्हणालं, "ओ काका, फेका की, का फोटो काढायचाय?" लोक हसले. मागच्या वर्षी मी हसलो होतो, त्याच जागी.

फुगेवाल्याला राहवलं नाही. त्यानं आरसा काढून पुढं केला. "मामा, घेऊन जावा. माझ्याकडून. लई वर्सं आलाव तुमी."

मालकांचा चेहरा लाल झाला. "भिकारी हाय का मी बे? ठेव तितं!" मग त्यांनी नरसम्मापुढं डावा हात केला. "आन ती हिकडं."

कात्री त्यांनी स्वतःच्या हातात घेतली. अक्कांच्या चिंधीत अंगठा घातला. अंगठा मोठा, कडी लहान, तरी कसाबसा बसवला. उजवा हात कानाशी नेला, आणि डाव्या हातानं काहीच नसलेल्या हवेत कात्री मिटली. ऐकू आली नसणारच. पण बोटाला कळली असावी. पहिला फुगा फुटला. दुसरा, तिसरा, चौथा फुटला. पाचव्याला कात्री मिटली तरी हात सुटला नाही. मालकांनी डोळे मिटले, पुटपुटल्यासारखे ओठ हलले, कात्री उघडली आणि पुन्हा मिटली. पाचवा गेला. मग सहावा. तो फुटला तेव्हा पहिली शिट्टी फुगेवाल्यानंच मारली. आमची ही रडत होती आणि नरसम्माला म्हणत होती, "पानं गोळा करा हो, वाया जातील."

घरी आल्यावर मालकांनी तो आरसा अक्कांच्या फोटोशेजारी टांगला, आपल्या तोंडाच्या उंचीवर, आणि मागं सरून समाधानानं बघितलं. नरसम्मा दारातच उभी होती. ती म्हणाली, "हितं कशाला लावलाव? तिला तर भाईर खांबावर पायजे होता. उंबऱ्याच्या म्होरं. बसल्यावर दिसंल असा."

"उंबऱ्याच्या म्होरं? काय बघायचं होतं तिला?"

"तुमाला," नरसम्मा म्हणाली. "रोज पाठीमागनं टक् टक् ऐकते म्हणायची. पान कापताना मान वळीवली की बोट कापतंय. समूर आरसा आसला की मागचं दिसंल, म्हणली. गड्ड्यात मधी सगळी गर्दी, घरी एकटं कसं मारत्यात ते एकदा बघायचंय, म्हणली. तुमाला ठावं न्हवतं?"

मालकांनी आरसा उतरवला, हातोडी घेतली आणि ओट्यावरच्या खांबाशी गेले. मग उंबऱ्यावर, अक्का बसायच्या तिथं, रस्त्याकडं तोंड करून बसले आणि मला म्हणाले, "साहेब, तुमी आत जावा. माझ्या जाग्याला हुबं ऱ्हावा. हात वर घ्या." मी बोर्डासमोर उभा राहून हात वर घेतला. नरसम्मा खांबावर आरसा खालीवर करत होती. "आजून खाली... आजून... बास." मी हात वर धरून उभाच. खांदा भरून आला, पण खाली घेऊ का असं विचारवेना. बऱ्याच वेळानं उंबऱ्यावरून आवाज आला, "दिसतंय की. सगळं दिसतंय." आणि मग, "एवढंच मागत होती ओ ती."

मालक आता पुन्हा वस्तू फेकतात. किल्ली माझ्या डोक्यावरून जाते, लिंबं गॅलरीतून आत येतात. फक्त फोटोचा हार चालत जाऊन हातानं घालतात. रोज सकाळी बोर्डासमोर उभे राहतात, डाव्या हातात कात्री, उजव्यात बाण. आरसा अजून खांबावर आहे, इतक्या खाली की येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यात स्वतःचे गुडघे दिसतात आणि पोस्टमन हसतो. मी बूट घालायला जिन्यावर बसायचं सोडलंय. उंबऱ्यावर बसतो. समोरच्या आरशात माझ्या खांद्यामागं मालक दिसतात, हात कानाशी, डोळे बारीक, आणि हात सोडायच्या आधी त्यांची नजर क्षणभर आरशाकडं येते, तिथं कोण बसलंय ते बघायला. माझ्या नाड्या कधीच बांधून झालेल्या असतात. पण मी उठत नाही.